लाखाला किती पडला? टर्म विमा घेतला त्याचा हिशोब, अमळनेरहून

आमच्याकडे विमा काढला असं कोणी म्हणत नाही, एलआयसी काढली म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो. आणि नुसतं विमा म्हटलं तर समोरचा माणूस पिकाचाच धरतो. 2023 ला एक रुपयात पीक विमा निघाला तेव्हा सीएससी सेंटरवर रांगा लागल्या होत्या, अन् 2025 च्या खरिपाला ते बंद होऊन पुन्हा टक्क्यांत पैसे भरायची वेळ आली तेव्हा माझ्या दुकानासमोरच्या टपरीवर पंधरा दिवस दुसरा विषयच नव्हता. मी पण तावातावाने बोललो, सरकारला शिव्या दिल्या, कपाशीच्या नुकसानीचा हिशोब तोंडपाठ सांगितला. अन् माझ्या स्वतःच्या नावावर किती विमा आहे हे मला विचारलं असतं तर कपाट उघडावं लागलं असतं.

तर हा रिव्ह्यू आहे मी ऑक्टोबर 2025 मध्ये घेतलेल्या टर्म पॉलिसीचा, एक कोटीची (टर्म म्हणजे ठरलेल्या वर्षांत माणूस गेला तरच पैसे, जगला तर काही परत नाही). कंपनी खासगी मोठ्या चार-पाचांतली एक, नाव टाकत नाही कारण पुढे मी तिला थोडं झोडपणार आहे अन् तसंही मुद्दा नावाचा नाहीच. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, सबमर्सिबल वगैरे, वय 36, दोन पोरं, एक सातचं एक चारचं, दुकानावर सीसी लिमिट (बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज) चालू, वडिलांची सहा एकर, त्यातली चार कोरडवाहू. तंबाखू खातो (आता खात नाही, ते पण सांगतो).

सुरुवात कशी झाली ते आधी. माझा चुलतभाऊ पिकअप चालवायचा, भाजीपाला भरून धुळे, कधी पार सुरत. 41 वर्षांचा. रात्री छातीत दुखायला लागलं, अॅसिडिटी समजून सोडा प्यायला, पहाटे धुळ्याला नेईपर्यंत संपलं. तेरावं झाल्यावर वहिनीने डबा आणून समोर ठेवला, त्यात दोन पॉलिस्या निघाल्या, एक दीड लाखाची एक दोन लाखाची, दोन्ही मिळून तो वर्षाला 19,800 रुपये भरत होता. बोनस धरून हातात आले 4 लाख 30 हजारच्या आसपास. गाडीचं कर्ज बाकी होतं 5 लाख. म्हणजे वहिनी विम्याचे पैसे घेऊनसुद्धा देणेकरीच राहिली असती.

मग मी सहज त्याचं पासबुक चाळत होतो तर मे महिन्यात एक 436 रुपयांची एंट्री, बाजूला काहीतरी इंग्रजी अक्षरं. बँकेत जाऊन विचारलं तर पंतप्रधान जीवन ज्योती. त्याने कधी सही केली, कोणी करून घेतली, काही माहीत नाही, घरात कोणालाच माहीत नव्हतं. फॉर्म भरला, दोन लाख आले. आता बघा, 19,800 ला साडेतीन लाखाचं कव्हर अन् 436 ला दोन लाखाचं. मी दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, एका लाखाला पडले एकीकडे 5,657 रुपये, दुसरीकडे 218. आपण कपाशी विकताना क्विंटलला शंभर रुपये कमी मिळाले तर गाडी परत फिरवतो, अन् इथे भाव कोणी विचारलाच नव्हता. तेव्हापासून मी लाखाला किती हेच विचारतो, कोणीही कुठली पॉलिसी घेऊन आला तरी पहिला प्रश्न तोच, अन् गंमत अशी की निम्मे एजंट या प्रश्नाला गडबडतात कारण त्यांना वीस वर्षांनी किती मिळणार ते पाठ असतं, मेल्यावर लाखाला किती पडला ते नाही.

ती 436 वाली जर कोणी घेतली नसेल तर आधी ती घ्या, बाकी रिव्ह्यू नंतर वाचा. 18 ते 50 वयात घेता येते, 55 पर्यंत चालते, मेडिकल नाही, नवीन घेतली तर पहिले 30 दिवस अपघात सोडून बाकी कारणाने गेला तर मिळत नाही तेवढं लक्षात ठेवा. सोबत 20 रुपयांची अपघाताची सुरक्षा विमा, तिचे पण दोन लाख. फक्त एक भानगड आहे अन् ती आपल्याकडच्यांना बरोबर नडते. पैसे कट होतात मे अखेरीला. मे अखेरीला आपल्या खात्यात काय असतं? कपाशीचा पैसा लग्नांत अन् अखाजीला (अक्षय तृतीयेला) गेला, उरलेला बियाण्या-खतात, खातं कोरडं, अन् मग 436 पण कट होत नाहीत आणि पॉलिसी गुपचूप बंद. मी आता माझ्या अन् बायकोच्या दोन्ही खात्यांत एप्रिलमध्येच हजार हजार टाकून ठेवणार आहे.

बरं, आता टर्म. मी माझ्या डब्यात पाहिलं तर माझी पण तशीच एक, 2014 ला लग्न झालं तेव्हा मामाच्या ओळखीच्या एजंटाने काढलेली. 24,500 वर्षाला, 20 वर्षं, कव्हर 5 लाख, शेवटी साधारण साडेआठ लाख मिळतील असं त्याने पेनाने कोपऱ्यात लिहून दिलेलं. लाखाला 4,900. आणि परतावा? दुकानाचा हिशोब बघणाऱ्या सीएच्या पोराकडून एक्सेलवर काढून घेतला, वर्षाला 5 टक्क्यांच्या आसपास बसतो. तेच 24,500 दरवर्षी पीपीएफमध्ये (सरकारी बचतीचं खातं) आजच्या 7.1 टक्क्यांनी वीस वर्षं टाकले तर 10 लाख 87 हजार होतात. म्हणजे विमा पण थोडा अन् बचत पण थोडी, दोन्हीकडून अर्धपोटी.

पण ती मी बंद केली नाही. इथे लोक चिडतील, व्हिडिओवाले सगळे सांगतात आजच सरेंडर करा. भाऊ, अकरा वर्षं भरून झाली, सरेंडर केली तर किती कापून देतात ते विचारून घेतलं, अन् पुढचे नऊ हप्ते भरून शेवटी काय मिळतं त्याचा वेगळा हिशोब केला, तर इथून पुढचा परतावा बरा निघतो. जे मागे गेलं ते गेलं. तुमची दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असेल तर हिशोब उलटा निघू शकतो, ज्याने त्याने आपला कागद काढून पाहावा. शिवाय अडीअडचणीला तिच्यावर कर्ज मिळतं, एकदा मुलीच्या ऑपरेशनला घेतलं होतं, चार दिवसांत आलं होतं, ते उपकार मी विसरत नाही.

टर्म घेतो म्हटल्यावर पहिला विरोध घरातूनच. काकांनी ओट्यावर बसल्या बसल्या ऐकवलं, "मरना तं पैसा, जिता राहिना तं फुटी कवडी नही, हाई कसा धंदा शे भो?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, खरंच नव्हतं, कारण वीस वर्षं पैसे भरून काही परत न येणं हे आपल्या हाडात बसत नाही. मग मला दुकानातच उत्तर सापडलं. मी गिऱ्हाईकाला मोटारीसोबत पॅनेलमध्ये ओव्हरलोड रिले (लोड वाढला की पडतो अन् मोटार वाचवतो) घ्यायला सांगतो, तो कधीच नाही पडला तर गिऱ्हाईक येऊन म्हणत नाही की माझे रिलेचे पैसे परत दे. काकांना हे सांगितलं तर म्हणे, "तू मोटार शे का?"

आमच्या अमळनेरला तर अजून एक अडचण. इथे 1945 ला वनस्पती तुपाची कंपनी निघाली तिची पुढे विप्रो झाली, अन् ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी तिचे शेअर विकले नाहीत त्यांचं काय झालं ते गावात लहान पोराला पण माहीत आहे. त्यामुळे इथे पैसा लावायचा म्हणजे तो वाढून परत आला पाहिजे असा पक्का हिशोब. एजंट लोकं हेच ओळखून बसलेत. पण ज्याने विप्रो ठेवला त्याने तो विमा म्हणून नव्हता ठेवला ना, तो वाढीसाठी होता अन् त्यात बुडायची पण तयारी होती. दोन कामं दोन वेगळ्या हत्यारांनी करावी, पान्ह्याने खिळा ठोकता येतो पण पान्हा पण खराब होतो अन् खिळा पण वाकडा जातो.

याच मानसिकतेवर कंपन्यांनी काढलेला प्रकार म्हणजे पैसे परत वाली टर्म, रिटर्न ऑफ प्रीमियम. वेबसाइटवर तीच सगळ्यात वर, हिरव्या पट्टीत, 'सर्वाधिक पसंती' लिहिलेली. मला साधीचा भाव आला 18,600 अन् परत वालीचा 36,000, दोन्ही एक कोटी, वयाच्या 60 पर्यंत म्हणजे 24 वर्षं. परत वालीत 24 वर्षांनी मला मिळणार 8 लाख 64 हजार, माझेच, बिनव्याजी. दोघांमधला फरक 17,400, तो दरवर्षी पीपीएफमध्ये टाकला अन् व्याज असंच राहिलं तर होतात 11 लाखाच्या जवळपास. अन् मधेच पैशाची तंगी आली तर पीपीएफमध्ये त्या वर्षी पाचशे टाकले तरी खातं चालू राहतं, पॉलिसीला असं चालत नाही, पूर्णच भरावा लागतो. परत वाली माझ्याकडून बाद. 99 वयापर्यंतची पण बाद, मला 60 नंतर टर्मचं काय काम, पोरं तोवर तिशीच्या आसपास आलेली असतील, सीसी तेव्हापर्यंत फिटली नाही तर मग मला विम्याची नाही दुसऱ्या धंद्याची गरज आहे.

आता तंबाखू. हे जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडे दहापैकी सहा-सात जणांच्या खिशात पुडी असते अन् फॉर्मवर मात्र सगळे निर्व्यसनी. माझ्याकडे जो ओळखीचा एजंट आला होता, चांगला माणूस आहे तसा, तो म्हणाला "भाऊ, नाही लिहा, कोण बघतं". नाही लिहिलं तर भाव 11,900, हो लिहिलं तर 18,600. म्हणजे लाखाला 119 विरुद्ध 186. वर्षाला 6,700 चा फरक, 24 वर्षांचे 1 लाख 60 हजार 800, त्यात जुनी चांगली बुलेट येते. मोह झालाच. पण मेडिकलला लघवीत कोटिनिन तपासतात, निकोटिन शरीरात गेलं की त्याचं जे बनतं ते, अन् ते काही दिवस राहतं. अन् समजा चुकवलं, तरी विमा कायद्याचं कलम 45 आहे, पॉलिसीला तीन वर्षं व्हायच्या आत माणूस गेला तर कंपनी खोटं लिहिलं होतं म्हणून पॉलिसी उकरून काढू शकते, तीन वर्षांनंतर मग कुठल्याच कारणाने नाही. काही शहाणे यातून असा अर्थ काढतात की तीन वर्षं जगलो की खोटं पचलं. अरे पण पहिल्या तीन वर्षांत मरायचं नाही हे कुठे लिहून घेतलंय? एका गिऱ्हाईकाच्या भावाचं असंच झालं, बीपीची गोळी चालू होती, फॉर्ममध्ये एजंटाने नाही टिकमार्क केलं, दुसऱ्याच वर्षी गेला, अन् त्याच्या बायकोने दीड वर्ष कागदं फिरवली. मी हो लिहिलं. किती वेळा तर दिवसातून चार-पाच, ते पण लिहिलं.

जीएसटीचं मात्र नशीब लागलं. ऑगस्टमध्ये मी विचारपूस सुरू केली तेव्हा 18,600 वर 18 टक्के लावून 21,948 होत होते. तोच एजंट घाई करत होता की वाढदिवस येतोय, वय चढलं की भाव चढेल. ते खरं आहे, भाव चढतोच, पण माझा वाढदिवस फेब्रुवारीत. 3 सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलची मीटिंग झाली अन् 22 सप्टेंबरपासून वैयक्तिक जीवन विम्यावरचा जीएसटी शून्य. मी 23 ला फॉर्म भरला. वर्षाला 3,348 वाचले. पण या हुशारीत एक गाढवपणा झाला तो असा की पॉलिसी निघाली 9 ऑक्टोबरला, म्हणजे आता दरवर्षी हप्ता ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर. आमचा धंदा उन्हाळ्याचा, व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात, मार्च ते मे माझ्याकडे पाय ठेवायला जागा नसते अन् ऑक्टोबरात मी माशा मारत बसतो. हप्त्याची तारीख ही आपण पॉलिसी कधी घेतो त्यावर ठरते हे डोक्यातच आलं नाही. कपाशीवाल्याने डिसेंबर-जानेवारीत घ्यावी, नोकरीवाल्याने कधीपण. मी आता हप्त्यासाठी बँकेत दर महिन्याची आरडी लावली आहे. वार्षिक हप्त्याला उशीर झाला तर 30 दिवसांची सवलत असते, मासिकला 15 च, अन् मासिक घेतलं की वर्षाचे एकूण पैसे पण जास्त जातात.

सर्व्हिसबद्दल. फॉर्म ऑनलाइन भरला, चाळीस मिनिटं लागली, त्यात उत्पन्नाचा पुरावा हा सगळ्यात मोठा डोंगर. मी इन्कम टॅक्स रिटर्न भरतो म्हणून वाचलो, तीन वर्षांचे मागितले. ज्यांचं फक्त शेतीचं उत्पन्न आहे त्यांना हे फार जड जातं, शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही म्हणून कोणी रिटर्न भरत नाही अन् मग विमा कंपनीच्या दृष्टीने तुमचं उत्पन्नच नाही. माझ्या मेहुण्याची वीस एकर बागायत, केळी आहे, त्याला ऑनलाइन कोटी सोडा पन्नास लाखाला पण अडवलं, अन् मला सहा एकरवाल्याला दुकानाच्या रिटर्नवर कोटी मिळाला. तर शेतकऱ्यांनी शेतीचं उत्पन्न दाखवून दोन-तीन वर्षं रिटर्न भरायला लागावं, टॅक्स लागला नाही तरी, सीए हजार-दोन हजार घेईल.

मेडिकलची कथा म्हणजे. कंपनी म्हणाली घरी माणूस येईल. अमळनेरला माणूस येत नाही असं तीन तारखा बदलल्यावर कळलं. मग जळगावच्या लॅबला जा म्हणे, उपाशीपोटी, सकाळी साडेआठ. पहाटेची गाडी पकडून गेलो, धरणगाव येईपर्यंतच पोटात कावळे, लॅबला पोचलो तर तिथल्या पोरीने सांगितलं तुमची अपॉइंटमेंट उद्याची आहे. कंपनीला फोन लावला तर हिंदीत "सर आपकी असुविधा के लिए खेद है" चार वेळा. शेवटी त्या लॅबवालीलाच दया आली, तिने आतल्या आत काहीतरी करून त्याच दिवशी रक्त घेतलं, ईसीजी काढला, लघवी घेतली, वजन केलं. पाऊण वाजता बाहेर पडलो अन् समोरच्या हॉटेलात शेवभाजी अन् चार पोळ्या हाणल्या, तर्री पण मागून घेतली, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट काय यायचा तो येऊ दे म्हटलं. तो थोडा वरच आला पण कंपनीने त्यासाठी भाव वाढवला नाही.

पैसे भरताना पण एकदा खात्यातून गेले अन् स्क्रीनवर 'फेल'. सहा दिवसांनी परत आले. या सहा दिवसांत कॉल सेंटरवरून मला रोज फोन की सर पेमेंट क्यों नहीं किया. नॉमिनीत बायकोचं नाव टाकताना आधारवर लग्नाआधीचं नाव. आमच्याकडे सासर पण पाटील माहेर पण पाटील, त्यामुळे आडनावाचा प्रश्न नाही, पण मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं यावर अडलं. आधी आधार बदलून आणा म्हणाले. आणलं, त्यात आठवडा गेला. पण हे त्यांनी आत्ता अडवलं ते बरंच झालं, मी नसताना तिला हे निस्तरावं लागलं असतं.

फॉर्ममध्ये एक ओळ होती त्याबद्दल मला कोणीच काही सांगितलं नव्हतं, ना एजंटाने ना कॉल सेंटरने. एमडब्ल्यूपी अॅक्ट, हो किंवा नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा 1874 चा कायदा आहे, त्याखाली पॉलिसी घेतली की ती रक्कम बायको-पोरांचीच, नवऱ्याच्या घेणेकऱ्यांना, बँकेला, सावकाराला तिच्यावर हात टाकता येत नाही, अन् भाऊबंदकीत वाटणी पण लागत नाही. मला सीसी आहे, बाजारात उधारी आहे, माझ्यासारख्यासाठी तर हे सोन्याहून पिवळं. फुकट आहे, एक पैसा जास्त लागत नाही. मात्र पॉलिसी घेतानाच हो म्हणावं लागतं, नंतर सुधारता येत नाही, अन् एकदा केलं की मग त्या पॉलिसीवर आपला हक्क संपला, लाभार्थी पण बदलता येत नाही. मी बायकोला विचारूनच केलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या भावांना नाही जाणार ना? मग करा." इतकं लवकर ती कुठल्याच गोष्टीला हो म्हणत नाही.

कंपनी कशी निवडली असं तीन-चार जणांनी विचारलंय. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) अहवालात क्लेम किती टक्के दिले ते येतं, मोठ्या कंपन्या बहुतेक 98-99 च्या घरात असतात, त्यात पॉइंटात फरक शोधण्यात मजा नाही. एलआयसीची ऑनलाइन टर्म पण बघितली, डिजी टर्म, ती 50 लाखाच्या खाली मिळत नाही, मला तिचा भाव जरा जास्त आला म्हणून सोडली, पण गावात ऑफिस असणं, तोंडओळखीचा माणूस असणं, याची किंमत ज्याला वाटते त्याने थोडे जास्त देऊन ती घ्यावी, त्यात काही चूक नाही. 1956 साली 245 छोट्यामोठ्या विमा कंपन्या अन् सोसायट्या एकत्र करून ती बनवली तेव्हापासून खेड्यापाड्यात तिचाच माणूस पोचलाय, माझ्या आत्याचा क्लेम त्या एजंटाने स्वतः स्कूटरवर कागदं नेऊन करून दिला होता. ऑनलाइन कंपनीचा कोण येणार आहे स्कूटरवर. एजंटाकडून घ्यायची तर घ्या, फक्त "पहिल्या हप्त्यातले अर्धे मी भरतो" म्हणणाऱ्याकडून नको, कायद्याने ते चालत नाही, कलम 41, अन् जो स्वतःच्या खिशातून तुमचा हप्ता भरतो तो कुठूनतरी काढणारच.

अन् बँकेच्या काउंटरवरून तर अजिबात नको. माझा मेहुणा, तोच केळीवाला, दोन लाखाची एफडी करायला गेला अन् दहा वर्षं दरवर्षी दोन लाख भरायची पॉलिसी घेऊन आला, त्याला वाटत होतं एफडीच आहे, व्याज जास्त मिळतंय म्हणून खुश. बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, घरी आला तेव्हा मला दाखवला म्हणून कळलं. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, फ्री लुक म्हणतात. बँकेतला साहेब म्हणे असं काही नसतं. आम्ही कंपनीच्या तक्रार विभागाला मेल टाकला, त्यात फक्त लिहिलं की नाही झालं तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रारीच्या पोर्टलवर टाकू अन् विमा लोकपालाकडे जाऊ, बाराव्या दिवशी स्टँप ड्यूटी वगैरेचे थोडे कापून बाकी आले. त्यामुळे बाँड आला की त्याच आठवड्यात उघडून बघा, देवघरात ठेवून हळद-कुंकू लावून विसरू नका. माझा बाँड मात्र पीडीएफ आला, पूर्ण इंग्रजीत, 42 पानं, मराठीत मागितला तर उत्तरच नाही. यासाठी अर्धा स्टार कापला.

स्टार द्यायचे तर पॉलिसीला साडेचार, भाव चांगला, काही लपवलेलं सापडलं नाही. सर्व्हिसला दोन, त्यातला एक त्या लॅबवाल्या ताईचा.

प्रिंट काढून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे, पॉलिसी नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे अन् बायकोला बसवून सांगितलं की आधी सीसी फेडायची, मग पोरांच्या नावावर इतके, मग इतके. तिने ऐकून घेतलं अन् म्हणाली सीसी कशाला आधी, ते तर पैशाला हात लावू शकत नाहीत म्हणालात ना. बरोबर आहे, मीच शिकवलेलं.

तंबाखू सोडून आज 63 दिवस झाले. वर्षभर नाही खाल्ली तर भाव कमी करून मिळेल का म्हणून परवा कंपनीला फोन लावला. ती पोरगी म्हणाली, "सर, उसके लिए नई पॉलिसी लेनी पड़ेगी, फिर से मेडिकल होगा." म्हणजे पुन्हा जळगाव, उपाशीपोटी.